एक संगणक, अनेक पायथन : खिडक्यांच्या साधनसंचांचा मेळ

कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील अथवा लहानशा कार्यालयातील संगणक आज तपासून पाहिला, तर त्यात 'पायथन' या संगणकभाषेची एकच आवृत्ती सापडेल असे खात्रीने सांगता येत नाही. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात एक आवृत्ती ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःच्या कामासाठी ठेवलेली असते. दुसरी एखाद्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमासाठी बसविलेली असते, आणि तिसरी एखाद्या शास्त्रीय पॅकेजाबरोबर न सांगता आलेली असते. आज्ञावली केवळ आकडेमोड करीत असेल तोपर्यंत या तिन्ही आवृत्त्या गुण्यागोविंदाने नांदतात. परंतु आज्ञावलीने पडद्यावर एक साधी खिडकी उघडावी, तीत एक बटण असावे आणि बटणावर 'जतन करा' अशी अक्षरे असावीत, एवढी माफक अपेक्षा केली की तंटे सुरू होतात. कालपर्यंत चालणारी आज्ञावली आज 'असे मॉड्यूल सापडत नाही' एवढेच सांगून स्वस्थ बसते.

ही अडचण वरवर किरकोळ वाटली तरी तिची किंमत लहान संस्थांना मोजावी लागते. वाचनालयातील पुस्तकांची देवघेव, प्रयोगशाळेतील उपकरणाचे मापन, पतसंस्थेतील पावत्यांचा हिशेब अशी कामे करणाऱ्या आज्ञावली पुष्कळदा एखाद्या शिक्षकाने वा विद्यार्थ्याने हौसेने लिहिलेल्या असतात. त्यांच्यामागे देखभाल करणारी कंपनी नसते. संगणक बदलला, ऑपरेटिंग सिस्टिम नवी झाली आणि खिडकी उघडेनाशी झाली, की आज्ञावली टाकून दिली जाते व नोंदी पुन्हा वहीत होऊ लागतात. वस्तुतः अशा प्रसंगी पुष्कळदा आज्ञावलीत काहीच बिघडलेले नसते. भाषेची आवृत्ती आणि खिडक्यांचा साधनसंच यांमधला सांधा तेवढा निखळलेला असतो. हा सांधा कोठे असतो आणि तो कसा जुळवावा, हे या लेखात पाहावयाचे आहे.

आवृत्त्या इतक्या कशा झाल्या?

ॲम्स्टरडॅम येथील 'सीडब्ल्यूआय' या गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत काम करीत असताना गिदो व्हान रॉसम यांनी पायथन भाषा तयार केली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती प्रथम सर्वांस खुली झाली. डिसेंबर २००८ मध्ये तिची तिसरी मालिका प्रसिद्ध झाली. ही मालिका दुसऱ्या मालिकेशी काही बाबतींत हेतुपुरस्सर विसंगत ठेवण्यात आली होती. त्यामुळे पुढील अकरा वर्षे दोन्ही मालिका एकाच संगणकावर शेजारी शेजारी ठेवणे अनेकांस भाग पडले. १ जानेवारी २०२० रोजी दुसऱ्या मालिकेची देखभाल अधिकृतपणे थांबली. तथापि तोवर आणखी एक प्रथा रूढ झाली होती. २०१९ पासून दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात तिसऱ्या मालिकेची नवी आवृत्ती बाहेर पडते. ३.१४ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. प्रत्येक आवृत्तीस सुमारे पाच वर्षे सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळत राहतात, म्हणजे कोणत्याही वेळी चार-पाच आवृत्त्या रीतसर हयात असतात.

येथे एक लहानशी गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. या क्रमांकांतील टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. ३.१० म्हणजे 'तीन मालिका, दहावी आवृत्ती', आणि ती ३.९ च्या नंतरची आहे. ३.९ हा आकडा ३.१२ पेक्षा मोठा समजून जुनीच आवृत्ती नवी म्हणून बसविल्याची उदाहरणे कमी नाहीत.

सांधा म्हणजे काय?

खिडकी, बटण, यादी, मजकुराची चौकट इत्यादी गोष्टी पडद्यावर काढणाऱ्या तयार लायब्रऱ्या पायथनमध्ये लिहिलेल्या नसतात. त्या बहुतांशी सी किंवा सी-प्लस-प्लस या भाषांत लिहून यंत्रभाषेत उतरविलेल्या असतात. अशा लायब्रऱ्यांस टूलकिट अथवा साधनसंच म्हणतात. पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे आपली आज्ञावली वाचून ती अमलात आणणारा मूळ कार्यक्रम, हाही सी भाषेतच लिहिलेला असतो. या दोहोंना जोडणारा एक मधला तुकडा लागतो. तो एका बाजूने साधनसंचाची भाषा बोलतो व दुसऱ्या बाजूने इंटरप्रिटरची. हाच तो सांधा.

बैलगाडीच्या चाकाचे छिद्र त्या गाडीच्या आसाच्या मापानेच पाडलेले असते. दुसऱ्या गाडीचे चाक दिसावयास तसेच असले तरी ते बसेलच असे नाही, आणि ठोकून बसविले तर वाटेत निसटण्याचा धोका असतो. मधल्या तुकड्याचे नेमके हेच आहे. इंटरप्रिटरच्या पोटातील माहितीची मांडणी आवृत्तीगणिक थोडी थोडी बदलते. ३.११ साठी यंत्रभाषेत उतरविलेला तुकडा ३.१२ च्या पोटात घातल्यास तो चुकीच्या जागी हात घालील. हे घडू नये म्हणून २०११ साली आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून अशा तुकड्याच्या फाइलच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक लिहिण्याची सोय झाली. 'सीपायथन-३१२' असा शिक्का असलेली फाइल ३.१२ हाच इंटरप्रिटर स्वीकारतो. इतर इंटरप्रिटरच्या दृष्टीने ती फाइल जणू नसतेच. म्हणूनच चूक दाखविताना संगणक 'फाइल जुळत नाही' असे न म्हणता 'सापडत नाही' असे म्हणतो, आणि वापरणारा मनुष्य डोळ्यांसमोर दिसणारी फाइल पाहून बुचकळ्यात पडतो.

याच ३.२ आवृत्तीत दुसराही एक उपाय योजण्यात आला. इंटरप्रिटरच्या ज्या भागांत पुढे बदल केला जाणार नाही अशा भागांची यादी निश्चित करण्यात आली. तेवढ्याच भागांवर विसंबून तयार केलेला तुकडा पुढील सर्व सामान्य तिसऱ्या मालिकेतील आवृत्त्यांवर चालतो. अशा तुकड्यावर 'एबीआय-३' असा शिक्का असतो. कोणता साधनसंच निवडावा, याचा विचार करताना या शिक्क्याचे महत्त्व पुढे ध्यानात येईलच.

यावरून एक मूलभूत गोष्ट स्पष्ट होते. 'माझ्या संगणकावर अमुक साधनसंच बसविलेला आहे' हे विधान अपुरे आहे. तो कोणत्या इंटरप्रिटरसाठी बसविलेला आहे, हे सांगितल्याशिवाय त्यास अर्थ प्राप्त होत नाही.

टीके : इंटरप्रिटरबरोबर जन्मणारा साधनसंच

पायथन शिकणाऱ्याची पहिली खिडकी बहुधा 'टीकिंटर' या मॉड्यूलच्या साहाय्याने उघडते. त्यामागे टीके हा साधनसंच आहे. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन ऑस्टरहाऊट यांनी १९८८ मध्ये टीसीएल ही छोटी भाषा तयार केली आणि तिच्या जोडीला टीके आणला. पायथनने तो लवकरच आपलासा केला. आजही तो पायथनच्या प्रमाणित संग्रहाचाच भाग आहे.

प्रमाणित संग्रहाचा भाग असल्यामुळेच एक गैरसमज पसरलेला आहे. टीकिंटर वेगळे उतरवून घेता येत नाही. 'पिप' या पॅकेज बसविणाऱ्या साधनास ते मागितले तर ते मिळत नाही. कारण टीकिंटरचा सांधा इंटरप्रिटर तयार होतानाच तयार व्हावा लागतो. मूळ सामग्रीपासून इंटरप्रिटर बांधताना संगणकावर टीकेची विकासासाठी लागणारी सामग्री उपलब्ध असेल तर सांधा तयार होतो. ती नसेल तर बांधणी थांबत नाही. अखेरीस 'अमुक मॉड्यूल बांधता आले नाही' अशी एक ओळ पडद्यावर येते, आणि शेकडो ओळींच्या गर्दीत ती कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. अनेक आवृत्त्या सांभाळण्यासाठी 'पायएन्व' हे साधन वापरणाऱ्यांना हा अनुभव हटकून येतो, कारण ते प्रत्येक आवृत्ती मूळ सामग्रीपासून बांधते. डेबियन वा उबुंटूवर अशा वेळी प्रथम 'टीके-डेव्ह' हे पॅकेज बसवून मग इंटरप्रिटर पुन्हा बांधावा लागतो. आधी बांधलेल्या इंटरप्रिटरमध्ये टीकिंटर मागाहून आपोआप येत नाही.

डेबियन व उबुंटू यांनी स्वतः तयार करून दिलेल्या पायथनची गोष्ट थोडी वेगळी आहे. जागा वाचावी म्हणून त्यांनी टीकिंटरचा सांधा 'पायथन३-टीके' या वेगळ्या पॅकेजात काढून ठेवला आहे. हे पॅकेज ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत पायथनसाठी असते. बाहेरून आणलेल्या आवृत्तीस त्याचा उपयोग होत नाही. मॅक संगणकांवर होमब्र्यू वापरणाऱ्यांसाठीही प्रत्येक आवृत्तीचे टीके-पॅकेज निराळे असते. पायथनच्या अधिकृत संस्थेकडून मिळणारे मॅकसाठीचे संच मात्र ३.७ पासून टीके आपल्याबरोबरच आणतात, आणि विंडोजवरील संचातही तो अंगभूत असतो. फक्त बसविताना त्यासंबंधीच्या चौकटीतील खूण काढू नये.

सांधा आहे किंवा नाही हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ज्या आवृत्तीची परीक्षा घ्यावयाची तिचे पूर्ण नाव लिहून पुढे टीकिंटर चालविण्यास सांगावे : 'पायथन३.१२ -एम टीकिंटर'. (या आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित करावयाच्या.) एक छोटी खिडकी उघडून तीत टीसीएल-टीकेचा क्रमांक दिसला तर सारे ठीक आहे. प्रत्येक आवृत्तीसाठी ही परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी. जुन्या आज्ञावलीत या मॉड्यूलचे पहिले रोमन अक्षर मोठ्या लिपीत आढळले, तर ती दुसऱ्या मालिकेसाठी लिहिलेली आहे असे समजावे. तिसऱ्या मालिकेत ते लहान झाले. एवढ्याशा बदलामुळे किती आज्ञावली अडून राहिल्या याचा हिशेब कोणी ठेवला नसेल.

उबुंटूवरील एक बोधप्रद अपघात

साधनसंचाचा सांधा निखळला म्हणजे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण जीटीके या साधनसंचाचे आहे. जीटीकेचा जन्मही बर्कलीचाच. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी 'गिंप' या चित्रसंपादन प्रणालीसाठी तो लिहिला. 'जीटीके' या नावातील 'जी' हा त्या गिंपचाच. पुढे त्यावर गनोम हा संपूर्ण कामाचा पडदा उभा राहिला. आज पायथनमधून जीटीके वापरण्याचा मार्ग 'पायजीऑब्जेक्ट' या जोडणीतून जातो, आणि तिच्या मॉड्यूलचे नाव 'जीआय' असे आहे.

२०१८ मध्ये उबुंटूची १८.०४ ही आवृत्ती आली तेव्हा तिचा अधिकृत पायथन ३.६ हा होता. ३.७ किंवा ३.८ हवा असणाऱ्यांनी तो शेजारी बसविला. येथवर काही बिघडले नाही. परंतु नुसते 'पायथन३' म्हटले की नवी आवृत्तीच चालावी, या इच्छेने अनेकांनी त्या नावाचा दुवा ३.६ वरून काढून नव्या आवृत्तीकडे वळविला. त्यानंतर संगणक सुरू केल्यावर टर्मिनलची खिडकीच उघडेना. आज्ञा जेथे टंकावयाच्या तेच दार बंद झाले.

कारण मोठे मासलेवाईक होते. त्या उबुंटूत टर्मिनल उघडणारी आज्ञा ही स्वतःच एक लहानशी पायथन आज्ञावली होती आणि ती जीआय मॉड्यूल मागत असे. डेबियन परंपरेत तिसऱ्या मालिकेतील सर्व आवृत्त्यांसाठी पॅकेजांची एक सामाईक फडताळवजा जागा असते. त्यामुळे ३.७ ला जीआयचा पायथनमध्ये लिहिलेला भाग दिसला. पण त्याच्या आतला यंत्रभाषेतील सांधा '३६' या शिक्क्याचा होता, आणि ३.७ ने तो पाहूनही न पाहिल्यासारखे केले. चौकट सापडली, दार सापडले नाही. पॅकेजे बसविणाऱ्या 'ॲप्ट'च्या पायथन-जोडणीचीही तीच गत झाली, त्यामुळे दुरुस्तीसाठी नवे काही बसविणेही अवघड झाले.

यावर कोणी उपाय सुचविला की, '३६' शिक्क्याच्या फाइलची नक्कल करून तिला '३७' नाव द्यावे. काही ठिकाणी तो लागूही पडला. तथापि हा चाक ठोकून बसविण्याचाच प्रकार आहे, आणि तो कोणी अनुसरू नये असे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. खरा उपाय होता तो दुवा पुन्हा ३.६ कडे वळविण्याचा. खिडक्यांचा पडदा चालत नसला तरी लिनक्सची साधी अक्षरी टर्मिनले कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्याने उघडतात. तेथून हे काम दोन मिनिटांत होते.

ऑपरेटिंग सिस्टिमचा पायथन हा घरमालकाचा आहे, आपण त्यात भाडेकरू आहोत, हे या अपघाताने अनेकांच्या मनावर ठसले. पुढे ही जाणीव नियमांतही उतरली. पायथनच्या सुधारणा-प्रस्ताव क्रमांक ६६८ नुसार २०२३ पासून उबुंटू २३.०४ व डेबियन १२ यांनी पिपला सिस्टिमच्या पायथनमध्ये परस्पर भर घालण्यास मनाई केली. 'हा परिसर बाहेरून व्यवस्थापित आहे' अशा अर्थाची जी सूचना आता पडद्यावर येते, ती पुष्कळांस जाचक वाटते. तिला ओलांडून जाण्याचा पर्यायही ठेवलेला आहे. परंतु १८.०४ ची हकीकत ज्याने वाचली, त्याला त्या मनाईचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

जीटीकेच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. भाषेच्या आवृत्तीप्रमाणेच साधनसंचाचीही आवृत्ती असते. जीटीके ३ फेब्रुवारी २०११ मध्ये आला व जीटीके ४ डिसेंबर २०२० मध्ये. दोन्ही एका संगणकावर असू शकतात, पण एकाच आज्ञावलीत एकाच वेळी येऊ शकत नाहीत. म्हणून आज्ञावलीच्या आरंभीच 'मला अमुक क्रमांकाचा जीटीके हवा' असे लिहावयाची सोय जीआयमध्ये आहे. ती ओळ न लिहिल्यास संगणक सापडेल तो सर्वांत नवा उचलतो, आणि जुनी आज्ञावली नव्या सिस्टिमवर अचानक मोडते. स्वतः गिंपलाही या दुहेरी स्थलांतराचा काच सोसावा लागला. त्याच्या २.१० या मालिकेतील पायथन-पुरवण्या पायथन २ व जुना जीटीके २ यांवर विसंबून होत्या. पायथन ३ आणि जीटीके ३ यांवर उभा असलेला गिंप ३.० मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे पायथन २ ची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांनी.

क्यूट आणि डब्ल्यूएक्स

नॉर्वेतील हॉवर्ड नूर व आइरिक शाम्बे-इंग यांनी निर्माण केलेला क्यूट हा साधनसंच १९९५ मध्ये प्रथम लोकांसमोर आला. त्याच्याकडे जाण्यास पायथनमधून दोन वाटा आहेत. रिव्हरबँक या ब्रिटिश कंपनीची 'पायक्यूट' ही जुनी वाट, आणि नोकियाने २००९ मध्ये सुरू केलेली व आता क्यूट कंपनीच सांभाळीत असलेली 'पायसाइड' ही दुसरी. पायक्यूट जीपीएल या मुक्त परवान्याखाली किंवा पैसे भरून व्यापारी परवान्याखाली मिळते, तर पायसाइडचा एलजीपीएल परवाना अधिक सैल आहे. संस्थेने आपली आज्ञावली इतरांस देण्यापूर्वी हा भेद पाहून घेणे इष्ट.

आपल्या विषयाच्या दृष्टीने क्यूटची खरी सोय निराळीच आहे. पायक्यूट ६ व पायसाइड ६ या दोहोंच्या तयार पॅकेजांवर 'एबीआय-३' हा शिक्का असतो, आणि क्यूटच्या लायब्रऱ्याही त्यांच्याबरोबरच येतात. एकच पॅकेज ३.११ वर चालते, ३.१२ वर चालते आणि ३.१३ वरही चालते. अनेक आवृत्त्या बाळगणाऱ्यास यासारखी सोय नाही. मात्र स्वतःबरोबर लायब्रऱ्या आणण्याच्या या सवयीमुळे एक नवा तंटा उद्भवतो. प्रतिमाविश्लेषणासाठी वापरले जाणारे 'ओपनसीव्ही'चे लिनक्ससाठीचे नेहमीचे पॅकेजही आपला क्यूट घेऊन येते. दोन क्यूट एका परिसरात भेटले की 'एक्ससीबी नावाचा प्लगिन भरता आला नाही' अशी तक्रार येते. खिडक्या पायक्यूटकडून काढावयाच्या असतील तर ओपनसीव्हीचे 'हेडलेस', म्हणजे खिडक्यांविना असलेले, पॅकेज घ्यावे.

डब्ल्यूएक्सविषयी थोडक्यात सांगता येईल. एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये त्याचा आरंभ केला. तो प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःचीच बटणे वापरतो, त्यामुळे दिसावयास घरचा वाटतो. परंतु त्याचे सांधे आवृत्तीगणिक वेगळे असतात. नवी पायथन आवृत्ती आल्यावर काही काळ थांबण्याची तयारी ठेवावी लागते, आणि लिनक्सवर पुष्कळदा ते स्वतः बांधून घ्यावे लागते.

दर आज्ञावलीस स्वतंत्र परिसर

या सर्वांवरचा व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रत्येक आज्ञावलीस तिचा स्वतंत्र परिसर देणे. २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून 'व्हीएन्व' हे साधन पायथनबरोबरच येते. 'पायथन३.१२ -एम व्हीएन्व' असे लिहून पुढे एका फोल्डरचे नाव दिले की, त्या फोल्डरात ३.१२ शी बांधलेला एक वेगळा संसार उभा राहतो. तेथे बसविलेले पायसाइड इतर कोणास दिसत नाही आणि इतरांच्या पसाऱ्याचा त्यास उपद्रव होत नाही.

तथापि हा परिसर म्हणजे नवा इंटरप्रिटर नव्हे. तो मूळ इंटरप्रिटरच्या खांद्यावरच बसलेला असतो. मूळ ३.१२ मध्ये टीकिंटर नसेल तर परिसरातही ते असणार नाही, आणि पिपही ते तेथे आणू शकणार नाही. परिसर तयार करण्यापूर्वीच टीकेची परीक्षा घ्यावी, ती याचसाठी. सिस्टिमने बसविलेला जीटीके परिसरातून वापरावयाचा असेल, तर परिसर तयार करताना सिस्टिमची पॅकेजे दिसू देण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि मग तो परिसर सिस्टिमच्या पायथनवरच उभारला पाहिजे. अन्यथा १८.०४ ची पुनरावृत्ती छोट्या प्रमाणावर होते. 'कोंडा' वापरणाऱ्यांना या विवंचना कमी भासतात, कारण तेथे पायथन, टीके आणि क्यूट ही सारी पॅकेजे एकाच ठिकाणाहून एकमेकांशी जुळवून येतात. त्याची किंमत डिस्कवरील जागेच्या रूपाने द्यावी लागते.

नुसते 'पिप' असे लिहून पॅकेज बसविण्याची सवय मोडावी. ते पिप कोणत्या इंटरप्रिटरचे, हे पाहून समजत नाही. त्याऐवजी 'पायथन३.१२ -एम पिप' असे लिहावे. विंडोजवर 'पीवाय' हा मदतनीस असतो. 'पीवाय -३.१२' म्हटले की तीच आवृत्ती चालते, आणि 'पीवाय --लिस्ट' म्हटले की बसविलेल्या सर्व आवृत्त्यांची यादी मिळते. ३.१३ पासून पायथनचा एक मुक्त-धाग्यांचा प्रकारही मिळू लागला आहे. एकाच वेळी अनेक कामे खऱ्या अर्थाने समांतर चालावीत, हा त्याचा हेतू. ३.१३ व ३.१४ मध्ये त्यास 'एबीआय-३' शिक्क्याचे तुकडे चालत नाहीत, त्यासाठी वेगळे सांधे लागतात. खिडक्यांच्या कामासाठी तूर्त नेहमीचाच प्रकार घ्यावा.

देवनागरीचा प्रश्न

मराठी वापरणाऱ्यास साधनसंच निवडताना आणखी एका कसोटीचा विचार करावा लागतो, आणि ती प्रस्तुत लेखकास सर्वांत महत्त्वाची वाटते. देवनागरीत अक्षरे साठविण्याचा क्रम आणि दाखविण्याचा क्रम एक नसतो. 'किल्ला' या शब्दात संगणक प्रथम क साठवितो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी कच्या आधी काढावी लागते. ल, हलन्त आणि ल मिळून एक जोडाक्षर करावे लागते. हे काम करणारे यंत्र जीटीकेत व क्यूटमध्ये आहे. दोन्ही 'हार्फबझ' या लायब्ररीचा उपयोग करतात. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर, त्यावरून हे नाव आले. टीकेच्या ८.६ मालिकेत लिनक्सवर हे काम होत नाही. तेथे 'किल्ला' लिहिले की वेलांटी कच्या मागे लोंबते आणि ल चा पाय मोडलेला दिसतो. विंडोज आणि मॅकवर टीके त्या त्या सिस्टिमच्या अक्षरयंत्रणेचा आधार घेत असल्याने तीच आज्ञावली तेथे नीट दिसते.

परिणामी घडते असे की, विंडोजवर टीकिंटरने लिहिलेली मराठी नोंदवही लिनक्सवर नेली जाते, अक्षरे मोडलेली दिसतात, आणि दोष मराठी फाँटवर किंवा पायथनच्या आवृत्तीवर टाकला जातो. मग एकामागून एक फाँट आणि आवृत्त्या बदलून पाहण्यात दिवस जातो. येथे पायथन बदलून काही साधत नाही, साधनसंच बदलावा लागतो. लिनक्सवर मराठी मजकूर दाखवावयाचा असेल तर आरंभापासूनच क्यूट वा जीटीके घ्यावा. इंग्रजी अक्षरे व आकडे एवढ्यावर भागत असेल तर टीकेसारखा हलका व सुटसुटीत संच नाही.

साधनसंच बदलता यावा म्हणून

साधनसंच बदलावा लागला तर सारी आज्ञावली नव्याने लिहावी लागू नये, यासाठी तिची रचनाच तशी असावी लागते. याचा एक उत्तम दाखला मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील वांतरिक्ष अभियांत्रिकीचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांच्या 'मायावी' या प्रणालीत मिळतो. हवेचा प्रवाह, तापमानाचे क्षेत्र यांसारखी शास्त्रीय माहिती त्रिमितीत दाखविणारी ही प्रणाली जगभर वापरली जाते. २००१ च्या सुमारास आलेल्या तिच्या पहिल्या अवतारात खिडक्या टीकिंटरच्या होत्या. दुसऱ्या अवतारात खिडक्यांचे वर्णन एका मधल्या थरात लिहिण्यात आले, आणि ते वर्णन डब्ल्यूएक्सने किंवा क्यूटने पडद्यावर उतरवावे अशी व्यवस्था झाली. कोणता साधनसंच घ्यावयाचा, हे एका बाह्य चलावरून ठरविता येते. आलेख काढणारी 'मॅटप्लॉटलिब' ही लायब्ररीही अशीच टीके, क्यूट, जीटीके किंवा डब्ल्यूएक्स यांपैकी मिळेल त्या संचाशी जुळवून घेते.

वाचनालयाच्या छोट्या आज्ञावलीस एवढा मोठा थर नको. पुस्तकांच्या नोंदी करणे, शोधणे, दंड मोजणे हे काम एका फाइलीत ठेवावे आणि खिडक्या-बटणे दुसऱ्या फाइलीत. पहिल्या फाइलीत कोणत्याही साधनसंचाचे नाव येऊ देऊ नये. तसे केल्यास पहिली फाइल ३.९ वर लिहिलेली असली तरी ३.१४ वर बहुधा थोड्याशा डागडुजीने चालेल, आणि नव्याने लिहावी लागली तर दुसरीच लिहावी लागेल. त्याबरोबर एक साधा कागद ठेवावा. त्यावर पायथनची आवृत्ती, साधनसंचाचे नाव व क्रमांक, परिसर ज्या आज्ञेने तयार केला ती आज्ञा आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती लिहावी. बसविलेल्या पॅकेजांची क्रमांकांसह यादी 'पिप फ्रीझ' ही आज्ञा देते, परंतु त्या यादीत खुद्द पायथनचा क्रमांक नसतो आणि टीकेचाही नसतो. ते दोन आकडे हातानेच लिहावे लागतात. आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी पुढे नोकरीसाठी परगावी गेला तरी त्या कागदावरून दुसऱ्या कोणाला तोच परिसर पुन्हा उभारता येतो.